मधूचा छोटा सिलेंडर

मधू, परवा आपल्या मंडळातले दोघे दुकानात येऊन गेले. गणपतीच्या स्मरणिकेत तुझ्यावर एक पान द्यायचं ठरलंय, आणि ते मी लिहावं असं त्यांचं म्हणणं. जन्म कुठला, शिक्षण किती, किती जणांना पाण्यातून वर काढलं, आणि एक फोटो, गणवेशातला असला तर बरं. मी मान हलवली. ते गेल्यावर कागद घेतला, वर तुझं पूर्ण नाव लिहिलं आणि तिथंच अडलो. बारा वर्षं तू माझ्या घरी माडीवर राहिलास, रोज माझ्यासमोर बसून जेवलास, आणि माझ्याकडून तुझी जन्मतारीखही लिहून होईना. तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला. हा मंडळासाठी नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला कळली होती की नाही, हेच मला ठाऊक नाही. शेवटी तिथं खाली तुझ्या मनात काय आलं असेल, कोणाचं नाव आलं असेल, याच विचारात दिवस जातो. दुकानात लोक शेगडी घेऊन येतात, काय बिघडलंय ते सांगतात, आणि मला ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

गोष्ट त्या छोट्या सिलेंडरची आहे. तो घरात आला तो नलूमुळे. गेल्या थंडीत तू पाणी भरलेल्या एका खदानीतून वर आलास तेव्हा तुझे ओठ जांभळे पडले होते. पाठीवरच्या मोठ्या सिलेंडरची हवा तळाशीच संपत आली होती आणि शेवटचा टप्पा तू दम कोंडून आलास. घरी तू चकार शब्द काढला नाहीस. सांगितलं ते दुर्गेशनं, काठावर दोर धरून उभा राहणाऱ्या तुझ्या जोडीदारानं, तेही नलूनं त्याच्या ताटात तिसरी पोळी वाढल्यावर. तुझ्या ताईला तू ओळखतोस. ती रडली नाही. तुझं ताट उचलून आत घेऊन गेली आणि म्हणाली, "मधू, पाण्यात जाशील तर दुसरी हवा घेऊन जाशील. नाई तर माझ्या हातचं जेवू नको."

काहून जात होतास रे तू त्या खदानींत? हा प्रश्न मी तुला शंभरदा विचारला असेल. आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झालं, रस्ते आले, इमारती आल्या, सगळ्यांना गिट्टी-खडी पाहिजे होती. शहराभोवतीची जमीन खोल खोल खणून दगड काढला आणि खड्डे तसेच टाकून दिले. त्यांत पाणी भरलं, हिरवंगार, वरून बघायला देखणं. कॉलेजची पोरं तिथं पोहायला जातात आणि दर उन्हाळ्यात त्यातली एकदोन परत येत नाहीत. मग फोन तुला. तू म्हणायचास, "भाऊजी, जिवंत कोनी सापडत नाई, मले मालूम आहे. पण त्याची आई काठावर बसून राहते ना. तिले उठवायले तर कोनी पायजे." तरी बोलायचो. नोकरी बदल म्हणायचो, लग्न कर म्हणायचो. तू ऐकून घ्यायचास, हसायचास आणि म्हणायचास, "बरं, तुमचं खरं." आणि करायचं तेच करायचास.

हे "बरं, तुमचं खरं" मला फार आवडायचं, आज कबूल करतो. घरात माझं कोणी इतक्या सहज खरं म्हणत नाही.

तर तुला पाण्यात उतरायला शिकवणाऱ्या विशाखापट्टणमच्या उस्तादांनी तो पिवळा सिलेंडर तुला दिला. त्यांचे गुडघे गेले होते, पाण्यात उतरणं सुटलं होतं. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांबी, जेमतेम थर्मासएवढी जाडी. तू तो टॉवेलात गुंडाळून आणलास आणि अंगणात माझ्यासमोर ठेवलास. मोठा संपला, अडकला, बिघडला, तर एवढ्यावर माणूस वर येऊ शकतो म्हणालास. त्याचा वेगळा रेग्युलेटर, वेगळी नळी, तोंडात धरायचा वेगळा तुकडा, हवा किती आहे ते दाखवणारा छोटा काटा. सगळं होतं. फक्त मोठ्या सिलेंडरच्या बाजूला तो बसवायचा कसा, त्याची फिटिंग नव्हती. ती मागवली तर महिना लागणार होता. आणि घरात तीस वर्षं शेगड्या, कुकर आणि गॅसच्या नळ्या दुरुस्त करणारा भाऊजी बसलेला. तू म्हणालास, "तुमच्या हातचं असन तर ताई पन निश्चिंत राहीन."

मधू, त्या चार दिवसांइतकं तुझ्याबरोबर मी कधीच बसलो नव्हतो. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतून स्टीलच्या पट्ट्या आणल्या, स्क्रूनं आवळायच्या. दोन वर, दोन खाली. दोन्ही सिलेंडर एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये ठोकळे हवे होते, तर मी नलूचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट करवतीनं कापला. तिनं दोन दिवस भाजी ताटलीत चिरली आणि दोन्ही दिवस ऐकवलं. पट्ट्यांखाली स्कूटरची जुनी ट्यूब कापून घातली, म्हणजे ओलं झाल्यावर सरकायला नको. मग पुरानी बस्तीच्या तलावात जाऊन बघितलं. पाण्यात उतरलास आणि उजवीकडे कलंडलास, वजन एकाच अंगाला गेलं होतं. मग कमरेच्या पट्ट्यातले दोन शिशाचे तुकडे डावीकडे सरकवले आणि पुन्हा उतरलास. वर येऊन म्हणालास, "भाऊजी, आता सरळ झालो." नलू घाटावर बसली होती. ती म्हणाली, "अडतीस वर्षांत पयल्यांदा." आपण तिघंही हसलो. मला तो दिवस पुन्हा मिळाला तर मी तुला पाण्यातून बाहेर काढून तो सिलेंडर तिथंच तलावात फेकून देईन.

कारण वाद त्याच संध्याकाळी झाला. तू म्हणालास, हा उलटा लावू. हवा सोडायचं बटण खाली, कमरेजवळ. वर असलं तर ते मानेच्या मागं येतं. तो घट्ट रबरी सूट घालून तू मला करूनही दाखवलंस. उजवा हात खांद्यावरून मागे नेलास, बोटं बटणाला लागत होती. "हात पोचते, पन फिरवता येत नाई," म्हणालास.

आणि मी म्हटलं, "सिलेंडर उलटा टांगत नसतात."

हे वाक्य माझं नाही, माझ्या धंद्याचं आहे. घरगुती गॅसचा सिलेंडर कोणी आडवा पाडला, उलटा केला, तर माझ्या अंगावर काटा येतो. आत पातळ गॅस असतो, तो तसाच नळीत उतरतो आणि भडका होतो. अशी जळलेली दोन स्वयंपाकघरं मी पाहिली आहेत, एकात तर भिंतीला अजून हात टेकवता येत नव्हता. तू समजावलंस. "भाऊजी, याच्यात गॅस नाई, नुसती हवा आहे. उलटी काय न् सुलटी काय. तिकडे सगळे असाच लावतात." मला ते कळत होतं. तरी मी म्हटलं, "आधीच उघडून पाण्यात जाशील ना? मग तिथं हात कायले पायजे?" तू पुन्हा काहीतरी बोलणार होतास. तोंड उघडलंस. मग माझ्या तोंडाकडे पाहिलंस, पाना खाली ठेवलास आणि म्हणालास, "बरं, तुमचं खरं."

आणि या वेळी खरंच माझंच केलंस. नोकरीत नाही, लग्नात नाही, फक्त यातच.

तू गेलास त्या सकाळी फोन आला तेव्हा आपण अंगणातच होतो. तू छोटा सिलेंडर उघडला होतास आणि मी साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावत होतो, दुकानात लावतो तसंच. एक बुडबुडा नाही. तू नळी तोंडात धरून दोन श्वास घेतलेस, काट्याकडे पाहिलंस, फुल. तेवढ्यात फोन. दोन मुली, म्हणालास, एक सापडली आहे, एक नाही. कपडे घ्यायला तू जिना चढलास. बाहेर जीप येऊन उभी होती, दुर्गेश भोंगा वाजवत होता. मी फडक्यानं साबण पुसला, सगळं उचललं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं.

आणि उचलण्याआधी बटण बंद केलं.

मधू, मी ठरवून केलं नाही. तीस वर्षं प्रत्येक घरातून निघताना मी तेच करतो. तपासलं, पुसलं, बटण बंद, पिशवी उचलली. आपल्या घरी तर कुलूप लावता लावता नलू विचारते, "सिलेंडर बंद केला काय?" आणि मी हो म्हणतो तेव्हाच आपण पायरी उतरतो. तूही उतरायचास. त्या दिवशी हात गेला आणि फिरला. माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. पण आता आठवतं, बटणाच्या कडेच्या खाचा आठवतात, साबणानं ओल्या झालेल्या, आणि ते शेवटी घट्ट बसलेलं आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

बंद केलं तरी नळीत भरलेली हवा नळीतच राहते. काटा फुलच दाखवतो. तोंडात धरून ओढलं तर एक श्वास मिळतो, फार तर दोन. गॅसच्या नळीतही तसंच असतं, बटण बंद केल्यावर शेगडी क्षणभर जळते आणि विझते. हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो.

पुढचं सगळं मला दुर्गेशनं सांगितलं, तेराव्याच्या जेवणानंतर, माडीच्या पायरीवर बसून. ती पोरगी तुला सापडली होती. तळाशी जुन्या यंत्राचा तारेचा दोर पडला होता, तिला सोडवताना तूच त्यात अडकलास. तुझा दोर दगडाच्या कडेत दबला, वर इशाऱ्याचा हिसका पोचलाच नाही. बराच वेळ झाला म्हणून तो स्वतः उतरला. "जीजाजी, बड़े वाले में हवा खतम थी. छोटा मुंह में था. और छोटा भरा हुआ था, पूरा. वाल्व बंद." त्याला एक गोष्ट समजत नव्हती आणि ती त्यानं मला विचारली, कारण मी मोठा आणि मिस्त्री माणूस. "उनका दायां हाथ पीछे था, गर्दन के पास. ऐसा. जैसे कुछ खुजा रहे हों. चोट तो थी नहीं वहां. क्यों होगा?"

मला कळलं. त्या पायरीवर बसून मला सगळं कळलं. तुझा हात बटणाला पोचला होता, मधू. फिरवता येत नव्हतं.

मी दुर्गेशला म्हटलं, मला काय माहीत.

त्याला तुमच्या बचाव पथकाच्या कार्यालयातून कागद आला होता. तुझ्याबद्दल त्यात लिहिलं होतं की गोताखोरानं स्वतःच वाल्व उघडला नाही. आणि दुर्गेशबद्दल, की त्यानं उतरण्याआधी सामान तपासलं नाही. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, "मैंने कांटा देखा था, फुल था. भैया बोले, अभी घर पे खोल के आया हूं. जीजाजी, आप तो वहीं थे न? खोला था न उन्होंने?"

मी म्हटलं, "हव. खोला था."

इतकंच म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण त्यानं ते तसंच कार्यालयात सांगितलं आणि चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. साहेबांनी विचारलं होतं, घरून उघडून निघाला, तर मग बंद कोणी केला? जीपमध्ये सामानाजवळ कोण होतं? सगळ्या वाटेवर दुर्गेशच होता. तो माझ्या दुकानाच्या स्टुलावर बसून सांगत होता की त्याची बायको त्याला विचारते, चुकून हात लागला का, आठवून बघ. "और जीजाजी, अब मुझे भी लगने लगा है कि लगा होगा." मी त्याला चहा मागवला. मधू, तुझ्या जोडीदाराला मी चहा मागवला आणि शेगडीचं बर्नर साफ करत राहिलो.

तू असतास तर माझ्याशी बोलला नसतास, किंवा नेहमीसारखं हसून माझंच खरं म्हणाला असतास. दुसरं असह्य आहे. तुझा राग यावा म्हणून मी तुझी सगळी हट्टी वागणूक आठवून पाहिली. पावसाळ्यात ताप असताना गेलास ते, नलूच्या भाऊबीजेला न सांगता पाण्यात होतास ते. राग येत नाही. समोर तुझा पाना खाली ठेवलेला दिसतो.

नलूला काल सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. इतके दिवस ती तुझ्यावरच चिडलेली होती, त्याला सांगून सांगून थकले, एवढी साधी गोष्ट विसरला कसा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होती. रडायचं टाळायला तिला ते बरं पडत होतं, आणि मी तेही काढून घेतलं. सगळं सांगितलं. साबण, फडकं, बटण, दुर्गेश, तुझा हात. ती ताटातल्या तांदळात बोट फिरवत राहिली. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल, आणि मी उठायच्या तयारीत बसलो होतो.

मग ती म्हणाली, "तो उलटा लावा म्हनत होता ना?"

"हो."

"मी आयकलं होतं. सैपाकघरातून." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "दुसऱ्या दिवशी सकाळी तो मले म्हने, ताई, मी भाऊजी दुकानात गेले की फिरवून घेतो, त्यायले कळनार नाई. पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हनलं, नको. त्यायनं चार दिवस मान मोडून केलं आहे, वाईट वाटन त्यायले. भाऊजीच्या शब्दाबाहेर जाऊ नको."

इतकं बोलून ती पहिल्यांदा रडली. मी तिच्याजवळ सरकलो नाही, तीही माझ्याजवळ सरकली नाही. तांदूळ मध्ये होते. जावयाचा मान म्हणून लग्नापासून तुमच्या घरानं मला पहिली पोळी दिली, पाटावर बसवलं, कधी उलटं उत्तर दिलं नाही. तू तर वयानं लहान, बायकोचा धाकटा भाऊ. त्या मानाखातर तू पाच मिनिटांचं काम केलं नाहीस.

आज सकाळी मी दुर्गेशला फोन केला आणि त्याच्या कार्यालयात भेट म्हणालो. नलू सोबत आली. निघताना मी कुलूप हातात घेऊन उभा राहिलो, ती पायरी उतरली. तिनं काही विचारलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं नाही. मी आत जाऊन बघून आलो.

तिथल्या बाबूनं कोरा कागद दिला आणि हिंदीत लिहायला सांगितलं. मृतकाशी नातं काय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, साला होता माझा. वाल्व घरून निघण्याआधी मी स्वतः बंद केला, दुर्गेशचा त्यात काही हात नाही, आणि सिलेंडर सरळ लावायचा हट्टही माझाच, हे सगळं लिहिलं आणि खाली सही केली. दुर्गेश दारात उभा राहून वाचत होता. वाचून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. त्यानं थांबावं असं मला वाटलं, पण कशासाठी थांबेल? नलू त्याच्या मागे गेली. खिडकीतून दिसत होतं, ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

बाबूनं कागद वाचला. माणूस बरा होता. म्हणाला, "उल्टा-सीधा लगाने वाली बात रहने दीजिए न, चाचा. वो किसी ने पूछी नहीं है. वाल्व वाली बात काफी है." आणि तेवढी ओळ खोडायला पेन माझ्या हातात दिलं.

मी खोडली नाही. त्याला म्हटलं, यही तो असली बात है. तुझ्याशी इतक्या वर्षांत झालेला प्रत्येक वाद तू एकाच वाक्यानं मिटवलास आणि ते वाक्य मी तुला एकदाही परत दिलं नाही. कागद तिथंच ठेवून आलो आहे, त्या ओळीसकट.

बरं मधू, तुझं खरं.